आठ आण्यांचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. दाराची नव्हे, झोक्याची नव्हे आणि गुरं बांधायची तर मुळीच नव्हे, जरी माझ्या आयुष्यातली नऊ वर्षं त्याच कामात गेली. मी जमीन मोजायची साखळी आहे.

माझी लांबी तेहतीस फूट. माझ्या अंगाचे सोळा भाग आहेत आणि त्यांना आणे म्हणतात. ज्या काळात मी घडले त्या काळात रुपयाचेही सोळा आणे होत, म्हणून मोजणीवाल्यांनी माझेही तेवढेच केले असावेत. माझा एक आणा म्हणजे दोन फूट आणि वर पाऊण इंच. मला एकदा उभी आणि एकदा आडवी ताणली, की जेवढी चौकोनी जागा होते तिला गुंठा म्हणतात. शेताची आकारणी, भावाभावांची वाटणी, बांधावरची भांडणं, सगळी माझ्या मापाने चालत.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. एका कारागिराने माझी प्रत्येक कडी लोखंडी गजाला लावून तपासली. एक कडी केसभर लांब निघाली, तर तिला पुन्हा भट्टीत घातली. चार, आठ आणि बारा आण्यांवर त्याने पितळी बिल्ले अडकवले आणि दोन्ही टोकांना पितळी मुठी बसवल्या. मग मी आगगाडीने धुळ्याला आले आणि मोजणी खात्याच्या कपाटात जाऊन बसले.

पुढे बऱ्याच वर्षांनी चुडामण नावाचा एक तरुण भूकरमापक नोकरीला लागला. तोपर्यंत मीटरच्या नव्या साखळ्या आल्या होत्या. पण जुनी टिपणं, म्हणजे शेतांचे हाताने काढलेले मूळ नकाशे, आण्यांतच लिहिलेली होती. चुडामणला आकडेमोड करून माप बदलणं पटत नसे. ज्या मापाने दगड रोवला, त्याच मापाने तो शोधायचा, असं तो म्हणे, आणि कपाटातून मलाच काढून घेई.

त्याच्याबरोबर मी सारा मुलूख पाहिला. साक्रीकडच्या डोंगरउतारावर खडकांतून फरफटले. तापीकाठच्या काळ्या रानात चिखलाने माखले. मोजणी असली, की दोन्ही बाजूंची माणसं काठ्या घेऊन बांधावर उभी असत. चुडामण कुणाच्या घरचा चहा घेत नसे. मला ताणायचा, खुंटी ठोकायचा, आकडा मोठ्याने सांगायचा. आकडा ऐकून एकाचा चेहरा पडे, दुसऱ्याचा खुले, पण आकड्याशी भांडायला कुणी उभं राहत नसे. एकदा एका म्हातारीने माझ्या मुठीला हळदकुंकू लावलं. मला त्या दिवशी फार संकोच वाटला. खरं सांगते, बरंही वाटलं.

मग पोलादी फिती आल्या आणि त्यांच्यामागून यंत्रं. एका वर्षी खात्याने जुनं सामान भंगारात काढलं. तेव्हा चुडामण निवृत्तीला आला होता. त्याने रीतसर पावती करून मला विकत घेतलं आणि आपल्या गावी, निंबवेलला, घेऊन आला. ती पावती अजून त्याच्या ट्रंकेत आहे.

निंबवेलमध्ये तो चुडामण आबा झाला आणि मी खुंटीवर गेले. पहिली काही वर्षं आबा मला पुसत, तेल लावत. पुढे त्यांची नजर मंदावली, गुडघे धरले. त्यांच्या सुनेला मी कसली साखळी ते ठाऊक नव्हतं. तिने मला गोठ्यात नेलं आणि कालवडीच्या गळ्यात अडकवलं. कालवड मोठी झाली, व्याली. ती रोज वैरणीकडे ओढ घ्यायची आणि मी रोज थोडी थोडी ताणली जायची. जिने एकरांचे हिशेब चुकू दिले नाहीत, ती मी शेणात पडून होते. माझी तक्रार नव्हती. गाय चांगली होती. पण माझं माप बिघडत चाललं आहे हे मला कळत होतं, आणि ते मात्र सोसवत नव्हतं.

अशात ऑगस्ट महिन्यात एक मुलगी आबांकडे आली. तिचं नाव मोनाली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या लोटनभाऊ आणि बेबाबाईंची मुलगी. वय सतरा, बारावीत शिकणारी.

तिचं येण्याचं कारण तुम्हाला नीट सांगायला हवं. निंबवेलमध्ये शाळा सातवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल आणि बारावीचे वर्ग शेजारच्या आंबेखेड्यात. दोन्ही गावांमध्ये शेतांमधून जाणारा एक जुना गाडरस्ता होता. त्या वाटेने वीस मिनिटांत शाळेत पोचता येई. मोनाली चार वर्षं त्याच वाटेने गेली होती. पण त्या साली आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी माजी सरपंच अभिमन नानांनी तारेचं कुंपण घातलं, रस्ता आपल्या शेतात घेतला आणि त्यावर केळी लावली. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा मुलांना मोठ्या डांबरी रस्त्याने, पुलावरून, चार किलोमीटर फिरून जावं लागलं. त्या रस्त्यावरून केळीचे ट्रक सुसाट जातात. जुलैत एका ट्रकचा धक्का लागून आठवीतली रूपा पुलाच्या कठड्यावर आदळली आणि तिचा पाय दोन ठिकाणी मोडला. त्या आठवड्यात निंबवेलमधल्या चार मुलींची शाळा घरच्यांनी बंद केली. रूपाची तर झालीच.

मोनालीने ग्रामपंचायतीला अर्ज दिला होता. त्याला उत्तर आलं नाही. मग ती थेट अभिमन नानांकडे गेली. नाना माणूस म्हणून वाईट नव्हते. गावातल्या लग्नांना त्यांचा ट्रॅक्टर फुकट असायचा. ते तिला ओसरीवर बसवून म्हणाले, "पोरी, आते गाडा कोन हाकस? पडीक जागा व्हती, मी केळी लायी. रस्ता व्हता, हाई कोन सांगस?"

हाच प्रश्न घेऊन ती आबांसमोर बसली होती. "आबा, रस्ता होता हे सांगायचं कसं?"

आबांनी डोळे मिटले. म्हणाले, "गावना नकाशा काढ. तलाठीकडे भेटी. नकाशाम्हा दोन तुटक रेघा बराबर चालन्यात, ते तो गाडरस्ता. साडेसोळा फूट रुंद. मन्हा मापमा सांगू? आठ आणा."

मी गोठ्यात ऐकत होते. आठ आणे म्हणजे माझा नेमका अर्धा भाग, मधल्या पितळी बिल्ल्यापर्यंत.

नकाशाची नक्कल मिळवायला मोनालीला तीन फेऱ्या माराव्या लागल्या, पण ती मिळाली. दोन तुटक रेघा निंबवेलपासून आंबेखेड्याच्या शिवेपर्यंत स्पष्ट होत्या. त्याच सुमारास तिच्या शाळेत कायद्याची माहिती देणारं शिबिर झालं. तिथे आलेल्या वकीलबाईंना तिने सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेताकडे जाणारी किंवा वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर तहसीलदारांपुढे दावा करता येतो. मामलेदार कोर्टाचा जुना कायदा आहे. वकील नसला तरी चालतो. पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागला पाहिजे. सातव्या महिन्यात गेलीस, तर तुझं सगळं खरं असूनही तिथे दार बंद."

आखाजी एप्रिलच्या अखेरीस झाली होती. आता सप्टेंबर अर्धा सरला होता, आणि ऑक्टोबरात दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. मोनालीने वहीच्या पुठ्ठ्यावर शेवटची तारीख लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या.

आबांनी मला गाईच्या गळ्यातून सोडवलं. मोनालीने राखेने घासलं, रॉकेलने पुसलं, तेल लावलं. माझे पितळी बिल्ले पुन्हा दिसू लागले. मग आबांनी पहिलं काम केलं ते मलाच मोजण्याचं. शाळेतून आणलेली पोलादी फीत माझ्याशेजारी ताणली. मी तेहतीस फूट दोन इंच भरले.

मला लाज वाटली, मित्रांनो. आबा मात्र शांत होते. "नऊ वरीसमा दोन इंच वाढनी," ते म्हणाले. "लिखी ले. कागदवर बठ्ठासना आधी हाईच लिख."

मोनालीने कोऱ्या कागदाच्या माथ्यावर लिहिलं : साखळी दोन इंच वाढलेली आहे, त्याप्रमाणे माप दुरुस्त केले आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, पावसाने उघडीप दिल्यावर, आम्ही रस्त्यावर गेलो. खरं तर जिथे रस्ता होता तिथे गेलो. एका हाताला अभिमन नानांचं कुंपण आणि केळी, दुसऱ्या हाताला मोनालीच्या वडिलांची, लोटनभाऊंची, कंबरेएवढी कपाशी. मधे चालायला वीतभर जागा नव्हती. आबा काठी टेकत, जुनं टिपण हातात धरून, झाडोरा बाजूला सारत होते. बाभळीच्या मुळाशी त्यांना नानांच्या बाजूचा हद्दीचा दगड सापडला. दुसरा दगड लोटनभाऊंच्या बाजूला असायला हवा होता. तो बांधावर दिसेना. आबांनी टिपणावरून अंतर काढलं आणि मोनालीला कपाशीत शिरायला सांगितलं. कपाशीच्या दोन ओळी ओलांडल्यावर तिच्या विळ्याला दगड लागला.

ती तिथेच थांबली. "आबा, दगड आमच्या कपाशीच्या आत आहे."

आबांनी माझी एक मूठ तिच्याकडे दिली. आम्ही दगडापासून दगडापर्यंत मोजलं. आठ आणे, इंचभराची दुरुस्ती धरून बरोबर. मग रस्त्यावर कोण किती आहे ते मोजलं. नानांकडे सहा आणे. लोटनभाऊंकडे दोन.

नानांनी एका दिवसात सहा आणे घेतले होते. लोटनभाऊंच्या घराण्याने दोन आणे घ्यायला वीसेक वर्षं लावली होती. दर नांगरटीला बोटभर, कधी नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, जास्त. कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण तोवर चालण्यापुरता रस्ता उरत होता.

आबा म्हणाले, "पोरी, तुले जे लिखनं व्हई ते लिख. मी फक्त आकडा सांगस."

"सहा आणि दोन," मोनाली म्हणाली. "दोन्ही लिहिते."

त्या संध्याकाळी ती मला गोणपाटात गुंडाळून घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी रस्त्याचं आंबेखेड्याकडचं टोक मोजायचं होतं. मी ओट्यावर होते, म्हणून त्या घरात झालेलं बोलणं मी ऐकलं. तिने वडिलांना लपवून काही ठेवलं नाही. कागद त्यांच्यापुढे धरला.

लोटनभाऊ दिवसभर फवारणी करून आले होते. त्यांनी कागद वाचला, घडी केली. "मन्ही पोर मन्हाच नाववर नोटीस धाडशी?"

"बाबा, फक्त नानांचं नाव घातलं तर ते खोटं होईल. आणि त्यांचा वकील पहिल्याच दिवशी ते दाखवून देईल."

"दोन आणा जागा. चार फूट. त्यानी रस्ता बंद करा, मी नही करा."

"तुमचे चार फूट नसते, तर रूपाला कुंपणाच्या कडेने जाता आलं असतं."

लोटनभाऊ उठले. पंचा खांद्यावर टाकला आणि खळ्यावर निघून गेले. त्या दिवसापासून ते जेवायला तेवढे घरी येत, आणि मोनालीशी बोलत नसत.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोनाली तालुक्याच्या कचेरीत गेली. कुणी विचारलंच तर दाखवता यावी म्हणून मलाही पिशवीत घातलं होतं. खिडकीतल्या कारकुनाने तिचा अर्ज शेवटपर्यंत वाचला. अर्ज चांगला लिहिला आहे असंही म्हणाला. मग त्याने वयाचा रकाना पाहिला.

"तुम्ही अज्ञान आहात," तो म्हणाला.

मोनालीचे कान लाल झाले. "माझं काय चुकलं आहे यात?"

"चुकलं नाही हो. कायद्यात अठराच्या आतल्या माणसाला अज्ञान म्हणतात. तुमच्या एकटीच्या सहीने दावा घेता येणार नाही. घरच्या मोठ्या माणसाला वादी करा. वडील आहेत ना?"

"वडील प्रतिवादी आहेत," ती म्हणाली.

कारकुनाने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि अर्ज परत दिला.

गावात सही करायला कुणी तयार होईना. रूपाचे वडील नानांच्या मळ्यावर कामाला होते. ते हात जोडून म्हणाले, "मन्हं पोट तठे शे, माय." आबा साक्षीदार होते, मोजणी त्यांची होती. वादीही तेच झाले असते, तर त्यांच्या साक्षीचं वजन गेलं असतं. दिवाळी दहा दिवसांवर आली.

त्या दिवशी दुपारी मोनाली ओट्यावर बसून वहीत काहीतरी गिरवत होती. बेबाबाई आत भाकरी थापत होत्या. भाकरी तव्यावर टाकून त्या पिठाच्या हातानेच बाहेर आल्या. "सही मी करसू. दाखाड कोठे करनी पडी."

"आई, बाबा काय म्हणतील?"

"तुन्हा बाबा ना समोरच करसू."

लोटनभाऊ जेवायला आले तेव्हा बेबाबाईंनी तो कागद ताटाशेजारी ठेवला. "हाऊ देखा. वादी मी शे. पहिलं नाव अभिमन नानानं, दुसरं तुम्हनं. मी चोरीसन जावाव नही, म्हणीसन सांगी ऱ्हायनू."

लोटनभाऊ घास हातात धरून बसले. "नवराले कोर्टात उभा करशी? लोक काय म्हणतीन?"

"मी चौथीपावत शिकेल शे," बेबाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मन्हा माहेरले नाल्यावर पूल नव्हता. पावसायात शाळा बुडे. मंग बाप म्हणे, राहू दे. मन्हासाठी कोणीच अर्ज करा नही. हाई पोर करी ऱ्हायनी. तिले मी राहू दे म्हणाव नही."

लोटनभाऊंनी जेवण संपवलं, हात धुतले आणि गेले. ते हो म्हणाले नाहीत, पण त्यांनी कागद फाडलाही नाही. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी बेबाबाईंनी त्याच खिडकीत दावा दाखल केला. कारकुनाने शिक्का मारला आणि पोच दिली.

पहिली सुनावणी नोव्हेंबरात झाली. तहसीलदार एक मध्यमवयीन बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. नानांच्या वकिलांनी सुरुवातीलाच सांगितलं, की कुंपण दोन वर्षांपूर्वीचं आहे, त्यामुळे सहा महिन्यांची मुदत केव्हाच संपली. मोनालीला हे येणार याची कल्पना होती. आखाजीला माहेरवाशिणी त्या रस्त्यावरच्या निंबाला झोके बांधतात. तिच्या मावशीने त्या दिवशी फोनवर काढलेला फोटो तिने छापून आणला होता. झोक्यावर दोन मुली, मागे मोकळा रस्ता, कुंपण नाही, आणि फोटोवर तारीख. झोक्यावरच्या दोन्ही मुली साक्षीला बाहेर बसल्या होत्या. तहसीलदारांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि मुदतीचा मुद्दा बाजूला ठेवला.

मग वकिलांनी मला मागवलं. मला टेबलावर ठेवलं. "बाई, ही साखळी तुम्ही गुरांना बांधत होता ना?" त्यांनी बेबाबाईंना विचारलं.

"आबासना घर बांधेल व्हती," बेबाबाई म्हणाल्या. "तवय दोन इंच वाढनी. कागदवर पहिली ओळ वाचा, तीच लिखेल शे."

तहसीलदारांनी ती ओळ वाचली. "या साखळीच्या मापावर मी आदेश देणार नाही," त्या म्हणाल्या, "पण एवढं प्रामाणिक माप पाहिल्यावर सरकारी मोजणी मागवायला मला पुरेसं कारण आहे."

मला ते बोलणं मानवलं. माझं काम पुरावा होण्याचं नव्हतंच. कुठे पाहायचं ते मी दाखवलं होतं.

डिसेंबरात मोजणी खात्याचे दोन तरुण आले. त्यांच्याजवळ एक उंच दांडी होती, तिच्या डोक्यावर पांढरी गोल टोपी. ते यंत्र आकाशातल्या उपग्रहांशी बोलून जागा सांगतं म्हणे. त्यांनी दगड शोधले, बटणं दाबली आणि अर्ध्या तासात काम संपवलं. त्यांचा आकडा आणि माझा आकडा यांत एका बोटाचा फरक निघाला. आबांनी तो फरक हाताच्या बोटावर मोजून पाहिला आणि कितीतरी दिवसांनी हसले.

शेवटच्या सुनावणीत नानांच्या वकिलांनी नवा डाव टाकला. "हा दावा म्हणजे नवराबायकोचं संगनमत आहे. बायको वादी, नवरा नावापुरता प्रतिवादी. माझ्या अशिलाला अडकवायला केलेलं नाटक."

तहसीलदार लोटनभाऊंकडे वळल्या. ते मागच्या बाकावर एकटेच बसले होते. त्यांनी वकील दिला नव्हता, लेखी उत्तरही दिलं नव्हतं. "प्रतिवादी क्रमांक दोन, तुमचं म्हणणं काय आहे?"

लोटनभाऊ उभे राहिले. टोपी हातात घेतली. "मोजणी खरी शे, बाईसाहेब," ते म्हणाले. "दोन आणा जागा मन्हा वावरमा येल शे. थोडी मन्हा बापनी धरी, बाकी मी. मी नांगर हाकू तवय माले माहीत व्हतं." ते वकिलांकडे वळले. "नाटक नही. तीन महिना मी घरमा धड बोलेल नही. पोरना मुद्दा खरा शे, हाई माले पहिल्याच दिवशी समजनं व्हतं. फक्त कबूल कराले येळ लागना."

"जागा केव्हा मोकळी कराल?"

"कपाशीनी शेवटनी वेचणी राहेल शे. ती व्हई गयी, का मी स्वतः काढसू."

मोनालीने मान खाली घातली होती. पिशवी तिच्या मांडीवर होती आणि माझ्या कड्या तिच्या बोटांत घट्ट धरलेल्या होत्या.

आदेश आठ दिवसांनी मिळाला. दोघांनीही अतिक्रमण काढून रस्ता पूर्ण रुंदीने खुला करावा. नानांनी त्याविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज केला आणि त्यांच्या भागापुरती तात्पुरती स्थगिती आणली. पुन्हा तारखा सुरू झाल्या. मोनालीची बारावीची परीक्षा तोंडावर होती. ती एका वहीत उत्तरं पाठ करी आणि दुसऱ्या वहीत तारखा लिहून ठेवी. गावातल्या काहींनी तिला सांगितलं की एवढं झालं ते पुष्कळ झालं, आता सोड. ती ऐकून घेई आणि पुढच्या तारखेला आईबरोबर एसटीत बसे.

पण लोटनभाऊंना कुणी स्थगिती दिली नव्हती, त्यांनी मागितलीही नव्हती. जानेवारीत वेचणी संपल्यावर त्यांनी दोन ओळी कपाशी मुळासकट उपटली. हद्दीचा दगड धुऊन त्याला चुना लावला. मोनालीने पळकाट्या, म्हणजे उपटलेली वाळकी झाडं, उचलायला हात लावला, तर म्हणाले, "तू अभ्यास कर. हाई मी वाढेल शे, मीच काढस." ते कितीतरी महिन्यांनंतरचं त्यांचं तिच्याशी पहिलं लांब वाक्य होतं.

नानांच्या कुंपणाला लागून चार फुटांची पट्टी मोकळी झाली. बैलगाडी गेली नसती, पण दप्तर घेतलेलं पोर जाऊ शकत होतं. दुसऱ्या सोमवारी निंबवेलची सतरा मुलं त्या पट्टीवरून एकामागे एक आंबेखेड्याला गेली. बंद झालेल्या चारांपैकी तीन मुली त्यांत होत्या. चौथीचं तोवर लग्न ठरलं होतं. तिच्याविषयी मला अजून वाईट वाटतं. सगळ्यांत पुढे रूपा होती, किंचित लंगडत. तिच्या मागची मुलं तिच्या वेगाने चालत होती, कारण पुढे जायला जागाच नव्हती.

मार्चच्या मध्यावर, मोनालीचा शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात, प्रांताधिकाऱ्यांनी नानांचा अर्ज फेटाळला. पोलीस घेऊन कुंपण काढायची वेळ येईल असं सगळ्यांना वाटत होतं. पण नाना स्वतःच मजूर घेऊन आले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. केळी तोडून तिच्या बुडाशी फुटलेली पिलं मातीच्या गड्ड्यासह दुसऱ्या वाफ्यात लावायला सांगितली. मग आबांना निरोप पाठवला. "आबा, नवी खुंटी तुम्हनी साखळीवरच ठोका. फिरी झगडा नको."

त्या दिवशी मला ताणायला एका टोकाला नाना होते आणि दुसऱ्या टोकाला लोटनभाऊ. मधल्या बिल्ल्याशी आबा उभे होते, डोळ्यांवर हात धरून. मोनालीने मोठ्याने आकडा सांगितला. मी पुष्कळ मोजण्या केल्या, पण अशी ताठ मी क्वचितच उभी राहिले असेन.

मित्रांनो, आता मी आंबेखेड्याच्या शाळेत भूगोलाच्या वर्गात असते. आबांनी मला तिथे दिलं. आठव्या इयत्तेची मुलं मला मैदानावर नेतात आणि गुंठा कसा असतो ते पाहतात. पावसाळ्यात मला गंज चढतो. तेव्हा कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवलात, तर मी आणखी कितीतरी वर्षं तुमच्या कामी येईन.

पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या गावाचा नकाशा एकदा मागून घ्या. तो तुमचाच आहे, मागायला लाजू नका. त्यातली वाट, तळं, गायरान, शाळेची जागा यांच्यावरून एकदा पायी फिरून या. कुठे काही कमी भरलं, तर कुणाकडे किती आहे ते लिहा, आणि त्यात तुमच्या घरचं नाव आलं तर तेही लिहा. मुदत विचारा, पोच घ्या, पुढची तारीख वहीत टिपा आणि त्या तारखेला जा.

गेल्या शनिवारी शेजारच्या तालुक्यातल्या तीन मुली एसटीने इथे आल्या होत्या. त्यांच्या शाळेच्या मैदानात कुणाचं तरी गोदाम उभं राहतं आहे. हेडमास्तरांनी त्यांच्याकडून वहीत सही घेतली आणि मला त्यांच्या हाती दिलं. आज सकाळी त्यांनी मला मैदानाच्या कडेला पसरलं, शेजारी पोलादी फीत ठेवली, आणि त्यांतली एक गुडघे टेकून माझी पहिली कडी तपासते आहे.